मयताचा व्यायाम

मरणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा भरलेल्या नाट्यगृहात, डोळे मिटून, नाकावर माशी बसलेली असताना, पडदा पडेपर्यंत निपचित पडून दाखवावं. आपला मयत हे वर्षानुवर्षं करत आला होता. त्याला खरं नाव होतं, आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं होतं, पण नाटक कंपनीत ते कुणाच्या तोंडी येत नसे. तिथे सगळ्यांना भूमिकेवरूनच हाक मारायची पद्धत. विधवा, वकील, धाकटा भाऊ, आणि हा मयत. "मयत आलं का?" असं कुणीतरी ओरडायचं, "मयताला चहा द्या, साखर कमी," असं दुसरं कुणीतरी सांगायचं, आणि मेकअपच्या खोलीत पहिल्यांदाच आलेला माणूस ते ऐकून दारातूनच मागे फिरायचा.

नाटक साधं होतं. पडदा उघडतो तेव्हा श्रीमंत काका दिवाणखान्यात खाटेवर मेलेले असतात, आणि पडदा पडेपर्यंत मेलेलेच राहतात. मधल्या वेळात नातेवाईक येतात, खोटं खोटं रडतात आणि काकांच्या घरावरून एकमेकांच्या उरावर बसतात. काकांना वाक्य एकही नाही. पण काका नाहीत तर नाटकच नाही, हे मयताचं ठाम मत होतं, आणि ते तो ज्याला त्याला ऐकवत असे. इतक्या वर्षांत तो कधी हलला नव्हता. एकदा भिंतीवरचा फोटो नाकावर पडला, तरी हलला नव्हता. एकदा धाकट्या भावाने भांडणाच्या भरात गरम चहा पायावर सांडला. मयताने ब्र काढला नाही, नंतर विंगेत मात्र त्या भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पण वय कुणाला सोडतं? वयाबरोबर मयताचं पोटही वाढलं. जिवंत माणसाचं पोट सुटलं तर लोक त्याला खात्यापित्या घरचा म्हणतात, मयताला ती सवलत नाही. पोट सुटलं तशी धाप लागायला लागली आणि चादरीखाली पोट वरखाली दिसायला लागलं. पहिल्या रांगेतली मुलं आईला हळूच सांगायची की काका अजून गेले नाहीत. मयत श्वास रोखून धरायचा, मग तो एकदम सुटायचा, आणि तो सुटलेला श्वास जास्तच दिसायचा.

शेवटी एका प्रयोगात व्हायचं ते झालं. दुसऱ्या अंकात विधवा काकांच्या छातीवर डोकं ठेवून रडते. ती बाई खरंच छान रडायची, बायका पदराने डोळे पुसायच्या. त्या दिवशी मात्र तिने डोकं ठेवलं आणि ते डोकं वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. बिचारी रडत होती आणि होडीत बसल्यासारखी हलत होती. आधी मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं नाट्यगृह हसलं, आणि विधवेलाही हसू आवरेना तेव्हा तिने तोंड चादरीत खुपसलं.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शकाने मयताला बोलावून घेतलं. हा माणूस ओरडत नसे, ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे सांगितलं की नवा दौरा सुरू होईपर्यंत पोट आणि श्वास दोन्ही आवरा, नाहीतर नेपथ्यवाल्याकडून कापसाचा पुतळा करून घेतो. पुतळा चहा पीत नाही, प्रवासात खिडकीची जागा मागत नाही, आणि मुख्य म्हणजे श्वास घेत नाही. मयताच्या पायाखालची जमीन सरकली. दुसरं त्याला काही येत नव्हतं. जिवंत माणसाच्या भूमिका त्याने तरुणपणी करून पाहिल्या होत्या, पण वाक्य बोलायला तोंड उघडलं की त्याचा आवाज खोल विहिरीतून यायचा आणि हात कुठे ठेवायचे ते कळायचं नाही. पडून राहण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

वकिलाचं काम करणाऱ्या नटाच्या मनगटावर एक घड्याळ होतं. चाललेलं मोजायचं, छातीचे ठोके मोजायचं, झोपही मोजायचं. वकिलाचं पोट त्याच्यामुळे कमी झालं होतं, निदान वकील तरी तसं म्हणायचा. मयताने विचार केला की ठोके कळले तर श्वास ताब्यात येईल, आणि दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं.

दुकानातली मुलगी हुशार होती आणि तिला बोलायची आवड होती. एका घड्याळाने पोहताना किती हात मारले ते कळतं, दुसऱ्याने डोंगराची उंची कळते, तिसऱ्याने मन किती ताणलेलं आहे ते कळतं. मयताने सांगितलं की पोहता येत नाही, डोंगरावर जायचं कारण नाही, आणि मन ताणलेलं आहे हे सांगायला घरी बायको आहे. मग त्याने आपल्या अटी सांगितल्या. घड्याळ अंधारात उजळता कामा नये, वाजता कामा नये, आणि माणूस पडून असताना ठोके नीट मोजले गेले पाहिजेत. मुलीने विचारलं, झोपेत का? मयत म्हणाला, नाही, मेल्यावर. मुलगी गप्प झाली. आजवर तिला गप्प करणारं गिऱ्हाईक आलं नसावं.

सगळं समजावून सांगितल्यावर तिने एक काळं, साधं घड्याळ काढलं. त्याचा पडदा हात वळवल्याशिवाय उजळत नव्हता आणि आवाज बंद करता येत होता, नुसतं मनगटावर थरथरायचं. पट्टा मऊ होता, घामाने खाज सुटली नसती. मुलीने त्याच्याच फोनवर सगळं जोडून दिलं, वय विचारलं, वजन विचारलं. वजन त्याने थोडं हातचं राखून सांगितलं. शेवटी तिने विचारलं, अचानक काही झालं तर कुणाला कळवायचं? मयताने सवयीने बायकोचा नंबर सांगितला. असा नंबर आपण दहा ठिकाणी देतो आणि विसरतो. तोही विसरला.

घरी बायकोने घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं. ती एका मोठ्या लाँड्रीत कपडे तपासायचं काम करायची. कुठला डाग कशाचा, कुठलं बटण तुटलेलं, हे बघता बघता तिची नजर अशी झाली होती की नवऱ्याचं काही म्हणजे काही तिच्यातून सुटत नसे. एवढा व्यायाम करून शेवटी मरायचंच आहे ना, तर आहात तसेच मरा, असं ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मयत बूट घालायला बसला तेव्हा तीही चपला घालून दारात उभी होती. मंडईत जायचंच आहे, तुमच्याबरोबर जाते, परत येताना पिशव्या तुम्ही धरा. व्यायाम होईल.

अशी सुरुवात झाली. ती पुढे, हा मागे. सुरुवातीला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जाताना मयताची जीभ बाहेर यायची आणि घड्याळ निर्लज्जपणे लिहायचं, "छान सुरुवात." मग ते नदीवरच्या पुलापर्यंत जायला लागले. जिने चढायला लागले. सकाळी खिडकीशी बसून मयत श्वासाचा अभ्यास करायचा, आत घ्यायचा, धरायचा, मांजराच्या पावलाने बाहेर सोडायचा. बायको कपडे वाळत घालता घालता म्हणायची, शेजारी विचारतायत, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का.

घड्याळाचा स्वभाव मात्र खाष्ट होता. थोडा वेळ बसलं की ते थरथरायचं आणि लिहायचं, "उठा, जरा हालचाल करा." घरी ठीक होतं. पण घड्याळ घालून केलेल्या पहिल्याच प्रयोगात, विधवा छातीवर डोकं ठेवून रडत असताना, चादरीखाली ते गुरगुरलं. उठा, हालचाल करा. मयत अर्थातच हलला नाही, पण त्या बाईला वाटलं हा घोरतोय, आणि तिने रडता रडता त्याला कोपराने ढोसलं. त्यानंतर त्याने वकिलाकडून ती सूचना बंद करून घेतली. खरं तर रंगमंचावर घड्याळ घालायलाच बंदी होती, काकांच्या काळात असली घड्याळं नव्हती. पण मयताने ते लांब बाहीत दडवलं. खाटेवर पडलेलं असताना ठोके किती खाली गेले हे त्याला नंतर बघायचं असे. एखाद्या बाईने दूध उतू गेलं का ते बघावं, तसा तो पडदा पडला की पहिल्यांदा मनगट बघायचा.

आणि खरंच फरक पडला. कमरेच्या पट्ट्याला आतलं भोक लागलं. ठोके इतके सावकाश पडायला लागले की वकिलाला वाटलं घड्याळ बिघडलं. चादर आता जागची हलायची नाही. विधवेचं डोकं छातीवर ठेवलं तसं राहायचं, पुन्हा पदर डोळ्यांना लागायला लागले. दिग्दर्शक एकदा पहिल्या रांगेत बसून निरखत राहिला. प्रयोग संपल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं, गेलात की काय." मयताची इतकी स्तुती जन्मात कुणी केली नव्हती.

कापसाचा पुतळा तर बाजूला राहिलाच, उलट दिग्दर्शकाने नाटकाची सुरुवातच बदलली. माणूस एवढा तब्येतीत आहे तर पडदा उघडताना काका जिवंत दाखवू. काका खाटेवरून उठतात, दाराकडे दोन पावलं टाकतात, "कोण आहे तिकडे?" असं विचारतात, कुणी उत्तर देत नाही, आणि काका धाडकन पडून मरतात. मग नोकर त्यांना उचलून खाटेवर ठेवतात आणि पुढचं नाटक नेहमीसारखं. मयताला वाक्य मिळालं. मोजून तीन शब्दांचं, पण वाक्य ते वाक्य.

तो घरभर ते म्हणत हिंडायला लागला. कोण आहे तिकडे? मोरीच्या दारावर म्हटलं की बायको आतून ओरडायची, मी आहे, थांबा जरा. पडण्याची तालीम तो गादीवर करायचा. पडला की घड्याळ थरथरायचं आणि विचारायचं, "तुम्ही पडलात असं दिसतं. ठीक आहात ना?" खाली "मी ठीक आहे" असं बटण असायचं. मयत ते दाबायचा आणि त्याला फार बरं वाटायचं. बघ, हे निर्जीव यंत्र माझी विचारपूस करतं, असं त्याने बायकोला ऐकवलंही. ती म्हणाली, खालच्या मजल्यावरचेही विचारपूस करून गेले, रोज काय पाडता म्हणून.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. बायकोने हे नाटक कधी पाहिलं नव्हतं. नाट्यगृह त्यांच्या गल्लीच्या टोकाला होतं, प्रत्येक दौऱ्याआधी मयत पास आणून देवघरातल्या फळीवर नाही तर आरशात खोचून ठेवायचा, आणि तो पास तिथेच पिवळा पडायचा. नवरा पडलेला बघायचा तर रविवारी घरी बघते की, असं म्हणून ती विषय संपवायची. मयताला हे फार लागायचं. सगळं गाव येऊन गेलं, आणि हिला गल्ली ओलांडवत नाही. या वेळी त्याने सांगितलं की आता मी जिवंतही दिसतो. तिने विचारलं, किती वेळ? त्याने खरं सांगितलं. ती म्हणाली, घरात याहून जास्त बोलता, आणि इस्त्रीच्या कपड्यांकडे वळली. पास आरशातच राहिला.

नव्या सुरुवातीच्या पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं. पडदा उघडला. काका उठले, दोन पावलं टाकली, आणि मयताने "कोण आहे तिकडे?" असं म्हटलं. आवाज विहिरीतूनच आला, पण मरणाऱ्या माणसाला तो शोभला. मग तो पडला. गादीवर नव्हे, लाकडी फळ्यांवर, जीव ओतून. नाट्यगृहात सगळ्यांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज आला. नोकरांनी त्याला खाटेवर ठेवलं, चादर ओढली. मयत चादरीखाली मनातल्या मनात नाचत होता.

तेवढ्यात मनगटावर थरथर झाली. तुम्ही पडलात असं दिसतं. ठीक आहात ना?

ठीक होता हो, उत्तम होता. पण बटण दाबायचं तर दुसरा हात हलवायला हवा, आणि मेलेला माणूस चादरीखाली चुळबुळ करतोय हे पहिल्या रांगेला दिसलं असतं. त्याने हात हलवला नाही. घड्याळ पुन्हा थरथरलं, जोरात. पुन्हा थरथरलं. मग एक लांबच लांब थरथर झाली आणि ते गप्प झालं. कंटाळलं बिचारं, असं मयताला वाटलं. आणि मग, धाकटा भाऊ घराच्या कागदांवरून आरडाओरडा करत असताना, त्याला दुकानातली ती मुलगी आठवली. अचानक काही झालं तर कुणाला कळवायचं?

त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला, आणि घाम हा मयताचा शत्रू. त्याने स्वतःला समजावलं की बायकोचा फोन नेहमी पिशवीच्या तळाशी असतो, तिला ऐकू जात नाही. ऐकू गेलाच तर तिला वाचता येणार नाही, चष्मा सापडत नाही. आणि वाचलंच तर तिला माहीत आहे की आपण नाटकात पडतो. हे शेवटचं त्याला पटलं. तिच्याइतकी शहाणी बाई असल्या निरोपावर विश्वास ठेवणार नाही. श्वास पुन्हा ताब्यात आला, ठोके उतरले. विधवा आली, तिने छातीवर डोकं ठेवलं आणि सुंदर रडायला सुरुवात केली.

मग नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी गडबड ऐकू आली. द्वारपाल कुणाला तरी तिकीट विचारत होता, आणि ते कुणीतरी थांबत नव्हतं. मधल्या वाटेवरून पावलं आली. मयताचे डोळे मिटलेले होते, पण त्या चपलांचा आवाज त्याला पाठ होता. एका चपलेचा अंगठा तुटलेला होता, ती फटक फटक वाजायची. रोज सकाळी तो त्याच आवाजाच्या मागून चालत होता.

चपला पायऱ्या चढून रंगमंचावर आल्या. विधवा दबक्या आवाजात म्हणाली की बाई, खाली उतरा, नाटक चाललंय. बायकोने तिला बाजूला सारलं. नाटक नाही, ती म्हणाली, निरोप आलाय, पडलेत, जोरात पडलेत, उत्तर देत नाहीयेत. तिला धड बोलता येत नव्हतं, सगळी वाट ती धावत आली होती. तिने मयताच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती. कशी हलेल? इतके महिने राबून त्याने ती न हलणारी केली होती. तिने मनगट धरलं, पण तिचीच बोटं इतकी कापत होती की तिला काही लागेना.

मयताला वाटलं, आता विधवा सांभाळून घेईल. पण विधवेनेही वाकून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिलाही शंका आली. ती हळूच वकिलाला म्हणाली, अहो, हा खरंच श्वास घेत नाहीये. वकील पुढे आला, त्याने नाकाशी बोट धरलं, त्याचा चेहरा पडला, आणि त्याने प्रेक्षकांत कुणी डॉक्टर आहे का, असं विचारलं. पहिली रांग उभी राहिली. कुणीतरी रडायला लागलं. एवढी माणसं, त्यातली निम्मी याच धंद्यातली, आणि सगळ्यांची खात्री पटली की हा मेला. मयताच्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं काम होतं. फक्त पडून राहायचं होतं. पडदा टाकतील, आत उचलून नेतील, मग विंगेत उठून बायकोला काय ते सांगता येईल. लोकांसमोर मयत उठलं तर नाटक गेलं, भूमिका गेली, कापसाचा पुतळा आला.

चादरीखाली त्याने तिचा अंगठा हलकेच दाबला. तिला कळलं नाही. त्याने पुन्हा दाबला. ती कापत होती, तिला काहीच कळत नव्हतं. तिने तोंड त्याच्या कानाशी आणलं, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात ती बोलली.

"अहो, उठा ना. मी पुन्हा काही बोलणार नाही. कधीच काही बोलणार नाही."

संसार झाला एवढा, तिने त्याला काय काय ऐकवलं होतं. तो त्यावर जगला होता, त्याच्या मागे मागे पुलापर्यंत चालला होता. आणि ही आता गप्प बसायचं कबूल करत होती. एवढी घाबरली होती. तेव्हा त्याला कळलं की आरशातले ते सगळे पास का पिवळे पडले. ही बाई गल्ली ओलांडायला कंटाळत नव्हती. हिला हे बघायचंच नव्हतं, खोटंसुद्धा.

मयताने डोळे उघडले आणि उठून बसला.

"अगं, आहे मी," तो म्हणाला. "बोल तू. काय बोलायचं ते बोल."

नाट्यगृहात जी किंकाळी उठली ती रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत गेली म्हणतात. विधवा खाटेच्या पायाला अडखळून पडली. वकिलाने दोन्ही हात जोडले, कुणाला ते त्यालाच माहीत. बायको मात्र त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळंच आलं. लग्न झाल्यापासून तिने त्याला अहो-जाहोच केलं होतं. त्या दिवशी, भरल्या नाट्यगृहात, तिने त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली.

"मेल्या! जिवंत आहेस होय!"

आणि मग ती त्याच्या चादरीत तोंड घालून रडली. विधवेला नंतर कबूल करावं लागलं की असं रडणं आपल्याला जमणार नाही. तोवर प्रेक्षक हसत होते, टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते, आणि दिग्दर्शक स्वतःच्या हाताने पडद्याचा दोर ओढत होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात एकच विचारणा, ते मयत उठतं तेच का नाटक? दिग्दर्शक तरीही ओरडला नाही. त्याने मयताची बाही वर केली, घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "मयताला कशाला पाहिजे घड्याळ?" मयताने बाही खाली ओढली. दौरा निघाला तेव्हा गाडीत त्याच्या खिडकीच्या जागेवर कापसाचा पुतळा बसला होता, त्याला पट्टा लावून बांधलं होतं. मयत निरोप द्यायला गेला आणि त्याने पुतळ्याची मान जरा सरळ करून ठेवली. काही झालं तरी एका धंद्यातले.

त्यानंतर मयताला घरात बसवेना. घड्याळ त्याने काढून कपाटाच्या खणात टाकलं. आता ठोके कशाला मोजायचे, वर गेले काय नि खाली आले काय. बायको रोज सकाळी चपला घालून दारात उभी राहायची, आणि तो बूट घालायचा, कारण तिला नाही म्हणायची हिंमत नव्हती. पुलापर्यंत जायचे, परत यायचे. ती नेहमीसारखी बोलायची, पिशवी नीट धरा, बूट पुसत जा, पाठ सरळ ठेवा. नाटकाचं नाव दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं. मयताला वाटायचं की ती विसरली, आणि ते बरं झालं.

दौरा परत आला. एका रविवारी दुपारी ती मंडईऐवजी नाट्यगृहाकडे वळली, तिकीटखिडकीपाशी गेली आणि स्वतःच्या पर्समधून पैसे देऊन दोन तिकिटं घेतली. तिसरी रांग. मयताला वाटलं ती वेडी झाली. त्याने विचारलं, आता काय बघायला जायचं? ती म्हणाली, बसा मुकाट्याने, आणि द्वारपालाला तिकिटं दाखवली. द्वारपाल या वेळी तिला सलाम ठोकून बाजूला झाला.

पडदा उघडला. सुरुवात पुन्हा जुनीच केली होती, काका आधीपासूनच मेलेले. पुतळा चांगला केला होता, नाकडोळे काकांसारखे, चादर नीट. तो हलत नव्हता, श्वास घेत नव्हता, त्याच्यावर चहा सांडला तरी चालला असता. मयत बारीक नजरेने बघत होता आणि त्याला दोष सापडत नव्हता, आणि त्याचं तोंड कडू होत चाललं होतं. विधवा आली. तिने छातीवर डोकं ठेवलं आणि रडली. आजूबाजूला कुणी पदर डोळ्यांना लावला नाही. शेजारची बाई पर्समध्ये गोळी शोधत होती.

"काही जीव नाही त्या मढ्यात," बायको म्हणाली. हळू म्हणाली असं तिला वाटलं असावं, पण पुढच्या रांगेतली माणसं वळली, आणि विंगेत दिग्दर्शकानेही मान वर केली. "तुम्ही असे नव्हता मरत."

"तू कुठे पाहिलंस?"

"एकदा पाहिलं. तेवढं पुष्कळ झालं."

अंधारात तिने त्याचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला होता आणि मनगटावर, जिथे घड्याळाचा पट्टा असायचा तिथे, दोन बोटं दाबून धरली होती. बोटं थरथरत नव्हती. नाटक पुढे सरकत होतं, धाकटा भाऊ ओरडत होता, वकील कागद फडकावत होता, आणि तिची बोटं जागची हलत नव्हती.

"किती भरले?" त्याने कुजबुजत विचारलं.

"मोजत नाहीये," ती म्हणाली. "आहेत का, एवढंच बघतेय. आणि डोळे उघडे ठेवा."